मामांचं गाठाळ धनुष्य

माझ्या सासऱ्यांचा या जगातल्या एकाही सरळ गोष्टीवर विश्वास नव्हता. सरळ रस्ता दिसला की पुढे खड्डा असणार, गोड बोलणारा भेटला की त्याचं काहीतरी काम अडलेलं असणार आणि आभाळ निरभ्र असलं की त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नसे. शंका नसलेली त्यांच्याकडची ही एवढीच गोष्ट. ते साताऱ्याजवळच्या, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावचे सुतार आणि मी सांगलीच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर. माझी पत्रिका त्यांनी दोन ज्योतिष्यांना दाखवली. दोघांनीही ‘उत्तम जुळते’ म्हणून सांगितलं, तेव्हा मामांचा (सासऱ्यांना मी मामाच म्हणत असे) चेहरा पडला. “दोगं येकच बोलत्यात, म्हंजे आदी भेटल्यात,” असं म्हणून ते तिसऱ्याकडे गेले. तिसऱ्याने मुलगा जरा तापट निघेल अशी खोट काढली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला आणि आमचं लग्न लागलं.

बाहेर पडताना घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत. मग पिंपळाच्या पारापर्यंत जाऊन परत येत आणि चौथ्यांदा ओढत. मी बरोबर असलो तर म्हणत, “जावईबापू, तुमीबी वढून बगा.” मी ओढलं की माझ्या ओढण्यानं ते सैल झालं असेल म्हणून पुन्हा स्वतः ओढत. एकदा साताऱ्याहून कराडला आम्ही मोटारीने निघालो. ड्रायव्हरला डुलकी लागेल या भीतीने मामा त्याच्या पाठीशी बसून वाटभर त्याला प्रश्न विचारत राहिले. गाव कुठलं, म्हशी किती, भाऊ वेगळे निघाले का. शेवटी त्या बिचाऱ्याने मोटार उभी केली आणि म्हणाला, “आवं बाबा, तुमी तरी चालवा, न्हाईतर मला तरी चालवू द्या!” मामा माझ्या कानाशी लागून म्हणाले, “बगा, चिडला. झोप मोडली त्येची.”

तर या माणसाच्या घराण्याकडे गावाचा एक मान होता. दसऱ्याला सगळा गाव शिवेवरच्या ओढ्यापाशी जमे आणि सुताराच्या घरचा माणूस ओढ्यापलीकडे बाण सोडी. बाण पलीकडे पडला की मगच सोनं लुटायचं. बेचाळीसच्या दसऱ्याला हा बाण माझा मेव्हणा सोडत होता. मामांचा तो एकुलता एक मुलगा. त्याने दोरी ओढली आणि आजोबाच्या हातचं जुनं धनुष्य काडकन मोडलं. पुढच्याच महिन्यात तो पलटणीत भरती होऊन लढाईवर गेला. गावाने या दोन गोष्टी एकत्र बांधायला वेळ लावला नाही. सासूबाईंनी तर पुढचा बाण ओढ्यापलीकडे पडेपर्यंत भात सोडला. मामा मात्र म्हणत, “लाकूड हुतं, वाळलं, मोडलं. त्येचा नि पोराचा काय समंद?” पण मुलाचं पत्र आलं की ते उलटंपालटं करून, उन्हात धरून बघत आणि म्हणत, “ह्ये अक्षर त्येचं न्हाई.” मुलाला अक्षर मुळातच येत नव्हतं, पत्र दुसरा कुणी शिपाई लिहून देई. हे मी सांगितलं तर म्हणाले, “त्येच म्हंतुया मी. दुसऱ्याच्या हातचं हाय.”

पुढच्या दसऱ्याच्या आधी नवं धनुष्य करणं भाग होतं. पाटलांनी बांधावरच्या धामणीच्या झाडाचं एक सुरेख, सरळसोट लाकूड पाठवलं. मामांनी ते नाक मुरडून परत केलं. “सरळ लाकूड आपली खोट पोटात ठिवतं. गाठीचं लाकूड दारातच सांगतं, बाबा, मी असा हाय.” आणि त्यांनी गोठ्यामागून एक धामणीचाच ओंडका काढला. त्याला चार गाठी आणि मध्येच एक बाक. इतकं वाईट लाकूड मी ड्रॉइंग मास्तर असूनही कधी काढलं नसतं. मी तसं म्हणालो तेव्हा सासूबाई हळूच बोलल्या, “त्येनंच तोडून ठिवलंय जाताना. म्हनला, जुनं माज्या हातनं मोडलं, नवं ह्येचं करा.” मामा खेकसले, “अक्कल बगा पोराची! म्हनं ह्येचं करा!” आणि वाकस घेऊन तो ओंडका तासायला बसले.

मी तेव्हा रजा काढून तिथेच राहिलो होतो. तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही. गाठ आली की ते ती कापत नसत. तिच्या दोन्ही अंगांना जास्तीचं लाकूड ठेवून, लाकडाची रेघ जिकडे वळेल तिकडे हत्यार वळवत. त्यामुळे धनुष्य जागोजाग फुगलेलं, उंदीर गिळलेल्या धामिणीसारखं दिसू लागलं. मग काचेच्या तुकड्याने खरवडणं. रोज ते खुंटीला अडकवून मला दोरी थोडीशीच ओढायला लावत आणि स्वतः लांब उभे राहून एक डोळा मिटून दोन्ही बाजूंचा बाक बघत. डावी बाजू कमी वाकली की म्हणत, “ह्यो हात काम करत न्हाई. दुसऱ्याच्या जिवावर बसून खातुया.” आणि त्या आळशी हाताला काच लागे. ते दिवस भूमिगतांचे. कुणीतरी खबर दिली आणि हत्यारं शोधत एक फौजदार दारात आला. मामांनी त्यालाच विचारलं, “तुमी खरं फौजदार कशावरनं?” फौजदाराने धनुष्य पाहिलं, चारी गाठींवरून बोट फिरवलं आणि हसत म्हणाला, “ह्यानं चिमणीबी मरायची न्हाई, म्हातारबा.” तो गेल्यावर मामा समाधानाने म्हणाले, “फसला.”

दसऱ्याला बाण कुणी सोडायचा हा प्रश्न होता. मामांचा खांदा उतरलेला, आणि भावकीवर विश्वास टाकणं म्हणजे दुधाला मांजर राखण. ओढ्याच्या काठी ते बराच वेळ घुटमळले आणि मग धनुष्य माझ्या हातात दिलं. कुलपाच्या बाबतीत ज्याच्यावर कधी विश्वास टाकला नाही, त्या जावयाच्या हातात! हे मोडलं तर सासूबाई अंथरूण धरतील हे मला ठाऊक होतं, आणि मामा काय करतील हे ठाऊक नव्हतं. “गाठीकडं बगू नगा,” ते म्हणाले. “ती संबाळती.” मी ओढलं. धनुष्य करकरलं. झोपेतही एक डोळा उघडा ठेवणाऱ्या माझ्या सासऱ्यांनी दोन्ही डोळे घट्ट मिटले. बाण वेडावाकडा गेला, पण ओढ्यापलीकडच्या ज्वारीत पडला. सासूबाईंनी त्या दिवशी भात खाल्ला.

या सगळ्या काळात एक गोष्ट मला कोड्यात टाकी. बाहेर जाताना चारदा कुलूप ओढणारा हा माणूस घरात असला की दाराची आतली कडी लावत नसे. दार नुसतं लोटलेलं. विचारलं तर म्हणत, “दार फुगलंय. कडी बसत न्हाई. पाऊस सरला की बगू.” पाऊस सरला, थंडी गेली, उन्हाळा आला, दार फुगलेलंच.

आज मामा नाहीत. धनुष्य माझ्या सांगलीच्या घरात भिंतीवर आहे आणि येणारा प्रत्येकजण विचारतो, इतक्या वाईट लाकडाचं का केलं? अशा वेळी मला एक संध्याकाळ आठवते. लढाई संपून काही महिने झाले होते. मी सासुरवाडीला गेलो होतो. लोटलेलं दार ढकलून माझा मेव्हणा आत आला. वाळलेला, डावा हात कोपरातून वाकडा. मामा जागचे हलले नाहीत. म्हणाले, “आपल्या म्हशीचं नाव काय हुतं?”

“चंद्री,” तो म्हणाला. “आन् ती मारकी हुती, बाबा.”

मामा उठले. त्याच्या कोपरावर, जखम भरून जिथे गाठ झाली होती तिथे, त्यांनी लाकडावरून फिरवावा तसा अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. “हितनं न्हाई मोडायचा,” म्हणाले, आणि तोंड फिरवून कोपऱ्यातला रंधा घेऊन दाराकडे गेले. रंध्याचे दोन हात मारले, दार लोटलं आणि कडी घातली. तीनदा ओढून बघितली. मग मला म्हणाले, “जावईबापू, तुमीबी वढून बगा.”

मी ओढली. घट्ट बसली होती. रंध्याच्या दोन हातांचं काम, ते तीन वर्षं राहिलं होतं.