नागीणसर आणि गेरूची रेघ

विषाणूचं नाव नुसतं पाठ म्हणून दाखवलं, तर नागीणसर विद्यार्थ्याला खाली बसू देत नसत. "नाव सांगितलंस, आता त्याचं कूळ सांग. आणि कुळाला ते नाव का पडलं, तेही." सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे रागावले किंवा खुलले की कानडीत जात.

त्यांचं हे टोपणनाव पडलं हर्पिसच्या कुळामुळे. फळ्यावर ते 'हर्पिसव्हिरिडी' हे इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहीत आणि शेवटची चार अक्षरं, आय-डी-ए-ई, सगळ्या वर्गाकडून म्हणून घेत. "ही शेपटी दिसली की समजायचं, हे एकट्याचं नाव नव्हे, सगळ्या खानदानाचं." मग अर्थ. ग्रीक भाषेत हर्पेइन म्हणजे सरपटणं. आपला 'सर्प' त्याच धातूचा. "नोडप्पा, बघ बाबा," ते खुलून म्हणत, "ग्रीक वैद्याला आणि आपल्या वैरागच्या बाईला एकच जनावर दिसलं. आपण त्याला नागीण म्हणतो." कांजिण्याही याच घरातल्या, लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दडून राहतो आणि पुढे नागीण होऊन उठतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा वॉर्डात हाऊसमन, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टर होतो. मंगळवेढ्याकडची एक शेतकरी बाई दाखल झाली होती. कमरेच्या उजव्या अंगाला नागीण उठलेली. दुखणं होतंच, पण भीती त्याहून मोठी. तिनं अन्नपाणी सोडलं होतं. सून पदराच्या गाठीत गेरू घेऊन आली होती. गावचा मांत्रिक नागिणीभोवती गेरूची रेघ ओढणार, म्हणून सासूला घरी न्यायचं होतं.

सर फोडांतलं पाणी तपासायला घ्यायला आले होते. बाई रडत म्हणाली, "सायेब, नागिणीचं तोंड अन् शेपूट मिळालं की मानूस जातंय. मला घरी मरू द्या की."

"मावशी, मिळतंय कशाला? तिची वाट ठरलेली हाय," सर म्हणाले. त्यांनी सुनेकडून गेरू मागून घेतला, पाण्यात कालवला आणि बोटानं बेंबीवरून एक उभी रेघ ओढली, पाठीच्या कण्यावरून दुसरी. "डाव्या अंगाला जाती का बघा. गेली तर मी नोकरी सोडतो."

"आन मंतर?" सुनेनं विचारलं.

"मंतर हाच, की सासूला भाकरी खाऊ घाला."

बाई रडता रडता हसली. त्या संध्याकाळी ती जेवली. यात कसलीही जादू नव्हती. नागीण एका मज्जातंतूच्या वाटेनं उठते आणि बहुधा शरीराच्या मध्यरेषेवर थांबते. डॉक्टरांच्या सांगण्यानं जे पटलं नसतं, ते सरांनी तिच्याच गेरूनं पटवलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या प्रमुखांनी तो गेरू पाहिला आणि तक्रार केली, की सरकारी रुग्णालयात एक प्राध्यापक मांत्रिकी करतो. डीनसाहेबांनी मला बोलावलं. प्रमुख शेजारीच बसले होते. माझी पुढची जागा त्यांच्या शिफारशीवर होती.

"गेरू लावताना तुम्ही पाहिलंत?"

"हो."

"मंत्र म्हणाले?"

मी म्हणालो, "मंत्र हा शब्द उच्चारला होता." आणि थांबलो. पुढचं वाक्य तोंडाशी आलेलं मी गिळलं.

सरांना रजेवर पाठवलं. पुढे त्यांनीच राजीनामा दिला. परवा महाविद्यालयाच्या स्मरणिकेत त्यांच्याबद्दल एक ओळ वाचली: 'विद्वान, पण अंधश्रद्धाळू.' ती ओळ खोटी आहे, आणि ती माझ्या अर्ध्या जबानीतून जन्मली आहे. डीनसाहेबांच्या खोलीत हजर असलेल्यांपैकी आज हयात मी एकटाच. म्हणून हे लिहितो.

राजीनाम्यानंतर काही वर्षांनी मी अक्कलकोटला, त्यांनी काढलेल्या दवाखान्यात गेलो होतो. त्यांनी चहा मागवला, सोलापूरची विचारपूस केली. मी माफीचे शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "आपली ती मावशी... काय झालं रे तिचं?"

"बरी झाली, सर. स्वतःच्या पायांनी एस.टी.त चढली."

त्यांनी कप खाली ठेवला.

"एवढं तरी कळवायचं होतंस," ते म्हणाले, आणि बाहेर ताटकळलेल्या पेशंटला आत बोलावलं.