विहिरीजवळचा धोबी

दादा पावसाळ्यात विषमज्वराने गेला आणि पार दिवाळीपर्यंत आमच्या मुलुंडच्या घरी माणसं भेटायला येत राहिली. बसायची, चहा नको म्हणायची, आढ्याकडे बघायची आणि मग गपचूप उठून चालू लागायची. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नाही, ही आपली रीत. मला त्या माणसांचा राग यायचा, तेवढाच. बाकी काही वाटायचं नाही. रडूसुद्धा येईना.

आईने उंबरठा ओलांडणंच सोडलं होतं. पानावर बसली की दोन घास चिवडायची. पुढच्या उन्हाळ्यातल्या लोणच्याचा विषय काढा नाहीतर माझ्या लग्नाचा, तिचं एकच उत्तर: "तोवर मी कुठली राहतेय." ही दादाच्या मागोमाग जाणार, असं मी धरूनच चालले होते. आणि त्याचीही भीती वाटत नव्हती.

दादाला पक्ष्यांचं भारी वेड. थंडी पडली की रविवारी सकाळी चोरबाजारातली जुनी दुर्बीण गळ्यात अडकवून कापणी झालेल्या भातशेतांत जायचा. तिथे विहिरीजवळच्या बांधावर दर हिवाळ्यात एक धोबी पक्षी यायचा. दरवर्षी हा तोच असतो, असं दादा छातीठोकपणे सांगायचा. त्याने तुला ओळख दाखवली वाटतं, म्हणून बाबा त्याला चिडवायचे.

पौषातल्या एका रविवारी मी दुर्बीण काढली आणि आईला चल म्हटलं. वर्षाच्या आत कोणाकडे जायचं नसतं, ती म्हणाली. शेत म्हणजे काय कोणाचं घर आहे का, मी वैतागून बोलले. बाबांनी मुकाट्याने तिच्या चपला पुढे सरकवल्या.

विहिरीपाशी आम्ही दोघी बराच वेळ बसलो. दहिवराने पाय गारठले. नुसत्या साळुंक्या आणि एक बगळा. कशाला हिला आणली, असं वाटून मी उठणार, तेवढ्यात तो बांधावर उतरला. राखाडी पाठ, पांढरं तोंड, गळ्याखाली काळा डाग. तुरुतुरु धावायचा, थांबायचा, शेपटी खालीवर हलवायचा. मी दुर्बीण पुढे केली, पण आईने ती घेतलीच नाही. तिला तसाच दिसत होता.

"तोच आहे का गं?" तिने विचारलं.

मला काय ठाऊक! "तोच," मी ठोकून दिलं.

ऊन वर आल्यावर आई उठली. लुगड्याला चिकटलेलं गवत झटकलं. पक्षी अजून किडे टिपत होता. दोन पावलं चालून ती मागे वळली आणि बांधाकडे बघून म्हणाली, "पुढच्या थंडीत येते रे."

घरी जाताना मी इतकी रडले की आईलाच मला हाताला धरून न्यावं लागलं.