पानावरची लव

माझ्या भागीदाराने टीचरना फसवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण दुबईत देराच्या बाजारात अजूनही उलटं सांगणारी माणसं आहेत. ती म्हणतात, टीचर चुकल्या.

टीचर म्हणजे वसईच्या एक ख्रिस्ती बाई. गावी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. नवऱ्याला दुबईच्या हॉटेलात नोकरी लागली म्हणून आल्या आणि करामाच्या फ्लॅटमध्ये कंटाळून बसल्या. मी तेव्हा गोण्या उचलता उचलता शारजात जडीबुटीचा स्वतःचा धंदा उभा केला होता. माल ओळखणारं माणूस हवं होतं. त्या आल्या आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "शेठ, भाव तुम्ही करा. जात मी ठरवीन."

पान हातात आलं की त्या आधी बघायच्या नाहीत. डोळे मिटून ते खालच्या ओठावरून अलगद फिरवायच्या, मग भिंग काढायच्या. आमचा मलबारी स्टोअरकीपर म्हणायचा, "टीचर पत्ते को पप्पी देती है."

"तुला नाही ना देत? मग गोण्या मोज," टीचर डोळे न उघडता म्हणायच्या.

हा सगळा प्रकार मुख्यतः पाषाणभेदासाठी. हे झाड हिमालयात खडकांच्या फटीत वाढतं. त्याचं वाळलेलं मूळ मुतखड्यावर देतात, आणि आखातातल्या उन्हात मुतखडेवाल्यांना तोटा नाही. पण पाषाणभेद एक नाही, त्याला भावंडं आहेत. एकाच्या पानाला दोन्ही बाजूंनी लव असते. दुसऱ्याचं पान गुळगुळीत, फक्त कडेला पापण्यांसारखे केस. तिसरा आणखी उंचावरचा, लहान आणि दातेरी पानांचा. वाळलेली मुळं मात्र सगळ्यांची तपकिरी, सुरकुतलेली. मी ती कितीदा फोडून, चावून पाहिली. मला फरक कळला नाही. टीचरनाही नुसत्या मुळावरून ठाम सांगता यायचं नाही, आणि ते त्या लपवायच्या नाहीत. "मूळ बघून जात सांगणारा थापा मारतो. पान दाखवा."

घासाघीस माझ्या रक्तात आहे. मी म्हणायचो, "टीचर, भावंडंच ना ती? थोडं मिसळलं तर काय बिघडलं?"

"तुमच्या पासपोर्टवर तुमच्या भावाला इमिग्रेशनमधून पाठवून बघा. भाऊच आहे ना?"

करामातल्या एका वहिनी एकदा ऐटीत म्हणाल्या, आमच्या बाल्कनीतच पाषाणभेद आहे. टीचर जिने चढून बघायला गेल्या. ती निघाली पानफुटी. वहिनींनी केलेला चहा घेऊन, त्यांच्या झाडाचं कौतुक करून त्या परत आल्या आणि गाडीत बसल्यावर मला म्हणाल्या, "झाड गुणी आहे हो. नाव फक्त दुसऱ्याचं लावलंय."

पुढे मी भागीदार घेतला आणि आम्ही शारजातल्याच हमरिया फ्री झोनमध्ये गेलो. उम्म अल कुवैनमधला औषधांचा एक छोटा कारखाना आमचं मोठं गिऱ्हाईक झाला. त्यांना कडेला पापण्या असलेलीच जात हवी होती, दुसरी चालत नव्हती. टीचरनी नियम घातला, की प्रत्येक मालाबरोबर त्याच खणतीतली काही मुळं पानांसकट यावीत. पान मुळाला धरूनच असलं पाहिजे.

एकदा आई आजारी म्हणून मी गावी गेलो होतो. मागे माल आला, त्यात पानं वेगळ्या पिशवीत, सुटी. भागीदार टीचरना म्हणाला, "वाटेत तुटली. वर डोंगरात दरड कोसळलीय, दुसरी कुठून आणू? कारखाना थांबलाय, टीचर. माझ्यावर विश्वास नाही का?" तो दर नाताळला त्यांच्या टेबलावर जेवणारा माणूस. टीचरनी पानं ओठावरून फिरवली, कडा भिंगाखाली पाहिल्या. पानं अगदी बरोबर होती. त्यांनी मालाच्या दाखल्यावर सही केली.

मी परतलो आणि कारखान्यातून आम्हा तिघांना बोलावणं आलं. काही मुळांच्या शेंड्याला वाळकी पानं तशीच चिकटून राहिली होती. मॅनेजरने त्यातलं एक मूळ टीचरसमोर ठेवलं. त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले. पान ओठावरून फिरवलं.

"ही ती जात नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूंना लव आहे."

भागीदार लगेच खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, "ऐकलंत? टीचर स्वतःच सांगतायत. आम्ही व्यापारी माणसं, आम्हाला पानातलं काय कळतं?"

माझा पारा चढला, पण कोणावर चढावा हे कळेना. मी मॅनेजरवरच ओरडलो. परतताना गाडीत टीचर म्हणाल्या, "ओरडू नका, शेठ. सही माझी आहे."

त्यानंतर त्या गोदामात आल्या नाहीत. मी दोनदा बोलवायला गेलो. त्यांनी खायला घातलं, मुलांच्या चौकशा केल्या, विषय काढू दिला नाही. नवरा निवृत्त झाला आणि दोघं वसईला गेली.

काही वर्षांनी तोच माल पाठवणारा व्यापारी दुबईत आला. भावावरून आमची जुंपली. मी त्याला चोर म्हटलं, तसा तो भडकला. "चोर मैं नहीं, सेठ. आपके पार्टनर ने बोला था, जड़ सस्तीवाली भेज, पत्ता असलीवाला अलग बाँध दे."

मी लगेच वसईला फोन लावला. मुलीने उचलला. "ममी इज नो मोअर, अंकल," ती म्हणाली. आणि मग, "शी ऑल्वेज सेड शी मेड वन बिग मिस्टेक इन दुबई."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, दुसऱ्याने केलेली चूक आपली समजून ती उरलेलं आयुष्य काढतात. मुलीला खरं न सांगताच मी फोन ठेवला.

भागीदारी मी त्याच आठवड्यात तोडली. तो हसून म्हणाला, "खलास झालं ते, हबीबी. बाई गेल्या. आता कोणाला फरक पडतो?"

मला पडतो. भागीदारा, तू आज मोठा माणूस आहेस, मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसतोस. त्या रांगेतून ऊठ. उम्म अल कुवैनला ज्या खुर्चीत बसून बोललास, तिथे जाऊन खरं काय ते सांग. मग वसईला फोन कर. नंबर माझ्याकडे आहे. टीचरची मुलगी उचलेल. तिला तुझ्या तोंडाने सांग, तिच्या आईने पाहिलेली पानं बरोबर होती. आणि ती त्या पिशवीत कोणी ठेवायला लावली, तेही सांग.