जिनिंगमधल्या वाटा

वणीत बसस्थानकामागच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता. मी तालुका वार्ताहर होतो आणि बातम्या तिथूनच पाठवायचो. कापसाची ती वाईट वर्षं होती. सकाळी बाजार समितीत गाड्यांच्या रांगा पाहायच्या, भाव विचारायचा आणि दुपारी कॅफेत येऊन मजकूर टाइप करायचा. मजकूर गेला की मी तिथल्या शूटिंगच्या गेममध्ये शिरायचो. माझं गेममधलं टोपणनाव 'बातमी' होतं. ते पोरांनी चिडवायला ठेवलं होतं, पुढे तेच चिकटलं.

गेम तेव्हाच जुना झाला होता. दोन तुकड्या, हातात बंदुका, एकमेकांना टिपायचं, एवढाच प्रकार. तरी वणीत तो टिकून होता, कारण लढायच्या जागेचा आमचा स्वतःचा नकाशा होता. कॅफेमालकाच्या धाकट्या भावानं तो बनवला होता. त्यांचे वडील गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, फिटर होते. त्यानं तेच जिनिंग जसंच्या तसं गेममध्ये उभं केलं: फाटक, वजनकाटा, अंगणातले कापसाचे ढीग, आत यंत्रांची रांग आणि लोखंडी जिन्यानं वर गेल्यावर एक खोली. कापसाच्या ढिगावरून चाललं की पावलांचा आवाज येत नसे. बाहेरगावचे खेळाडू तिथंच मरत. यंत्रांची घरघर त्यानं खऱ्या जिनिंगमध्ये जाऊन मोबाइलवर टिपून आणली होती.

नकाशा झाल्यावर त्यानं बॉट सोडले. बॉट म्हणजे माणसाशिवाय चालणारे खेळाडू, कमी पडलेल्या जागा भरायला. नव्या नकाशात कुठून जायचं हे त्यांना कळत नाही. कुणीतरी आधी स्वतः तो नकाशा चालून खुणा सोडाव्या लागतात, मग बॉट त्याच खुणांवरून फिरतात. धाकट्यानं सगळं जिनिंग चालून काढलं. कुठून वळायचं, कुठे थांबायचं, कुठे तोंड करून उभं राहायचं, हे सगळं त्याचं होतं.

त्यानंतरच्या हंगामात चंद्रपूर रोडच्या पुलियावर, नाल्यावरच्या लहान पुलावर, कोळशाच्या ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं. बातमी मीच दिली. एका कॉलमात बसली.

कॅफे आठवडाभर बंद राहिला. उघडला तेव्हा मालकानं सर्व्हर सुरू केला आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. तो स्वतः कधी खेळत नसे. पडदा फिरला की त्याला गरगरायचं. मी आत शिरलो, तसे बॉट फाटकातून निघाले, ढिगाच्या डावीकडून वळले, काट्याजवळ क्षणभर थांबले. मालक ते बघत होता. म्हणाला, "असाच चाले तो."

तेव्हापासून त्याला एकच काळजी होती. त्या गेममध्ये एक तरी माणूस आत असल्याशिवाय बॉट येत नाहीत. सगळे बाहेर पडले की ते नाहीसे होतात. माणूस टिकला तर भाऊ चालणार, एवढं सरळ गणित होतं आणि माणसं कमी होत होती. पोरं पुण्याला गेली, नागपूरला गेली. जी उरली त्यांच्या हातात मोबाइल आले. मालकानं जमेल ते केलं. रविवारच्या स्पर्धा घेतल्या, जिंकणाऱ्या तुकडीला कचोरी दिली, बंदुकांचे रंग बदलले, पुसद आणि यवतमाळच्या लोकांना शिरता यावं म्हणून सर्व्हर इंटरनेटवर मोकळा केला. गेलेल्या पोरांची टोपणनावं त्यानं बॉटना दिली. पुण्याला गेलेला एक जण दिवाळीत आला, तेव्हा त्याला स्वतःच्या नावाच्या बॉटनं मारलं. तो हसला, पण दुसरा डाव न खेळताच उठला. भावाचं टोपणनाव मात्र मालकानं कोणत्याच बॉटला दिलं नाही.

त्याच सुमारास खरं जिनिंग बंद पडलं. घरघर आता फक्त कॅफेतून येत असे. गल्लीतून जाणारे म्हातारे थांबून कान देत. एकानं दारात येऊन जिनिंग कधी सुरू झालं म्हणून विचारलं. मालक गेम आहे म्हणाला, तरी तो बराच वेळ उभा राहिला.

एक अडचण मात्र होती. डाव लांबला की बॉट एकेक करून लोखंडी जिना चढत आणि वरच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून उभे राहत. दोन्ही तुकड्यांचे. तिथं उभे असताना ते एकमेकांवर गोळीही झाडत नसत. नकाशात त्या खिडकीबाहेर काहीच काढलेलं नव्हतं, नुसता करडा रंग होता.

पोरं वैतागली. एक म्हणाला, "अबे, हे लढाले आले का हजेरी लावाले?"

"नाश्त्याची सुट्टी झाली असन त्यायची," दुसरा म्हणाला.

त्यांच्यातल्या जाणकारानं मालकाला सांगितलं की खोलीतल्या खुणा पुसल्या तर गेम नीट चालेल, लोक पुन्हा येतील. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मालक म्हणाला, "बंदुका बदल, रंग बदल. वाट नोको पुसू." पुढच्या रविवारपासून ती पोरं आली नाहीत.

बंद जिनिंगवर मला बातमी करायची होती. चौकीदारानं कुलूप काढून दिलं. आत गेल्यावर मला रस्ता विचारावा लागला नाही. पाय आपोआप ढिगाच्या डावीकडून वळले, पण तिथं ढीग नव्हता. जिना चढून मी खोलीत गेलो आणि बॉट उभे राहतात तिथं उभा राहिलो. खिडकीतून चंद्रपूर रोड दिसत होता, आणि बरोबर मधोमध ती पुलिया. नकाशा अपघाताच्या आधीच्या वर्षी झाला होता, हे मी मनात दोनदा ताडून पाहिलं.

संध्याकाळी मालकाला एवढंच सांगितलं की मी वर जाऊन आलो.

"मले मालूम हाय तिथून काय दिसते," तो म्हणाला. "मी चंद्रपूरले कॉलेजात होतो. शनवारी माही यष्टी त्या पुलियावर वळे. ती दिसेपर्यंत तो खिडकीतून हलत नसे. बाबा आवाज देऊन देऊन थकत."



नंतर भारनियमन वाढलं. इन्व्हर्टरवर सर्व्हर आणि एकच कॉम्प्युटर चालायचा. दुपारी वीज गेली की सगळे पडदे काळे होत आणि माझ्या एकट्याच्या पडद्यावर बॉट चालत राहत. बहुतेक दिवस मी एकटाच असे. मी लढणं सोडून दिलं होतं. मालक मागे उभा असे.

माझी यवतमाळला डेस्कवर बदली झाली. शेवटच्या दुपारी मी बाहेर पडायची कळ दाबणार, तेवढ्यात तो म्हणाला, "भाऊ, बाहेर नोका पडू. वर नेऊन उभं करा अन् उठा."

मी 'बातमी'ला जिन्यानं वर नेलं, खिडकीशी उभं केलं आणि खुर्ची सोडली. बॉट एकेक करून त्याच्या शेजारी येऊ लागले. मी बस पकडली.

पुढे कितीतरी हंगाम गेले. एका रविवारी दुपारी यवतमाळच्या कार्यालयात काम नव्हतं. सहज गेम उतरवून घेतला आणि सर्व्हरची यादी उघडली. वणीचा सर्व्हर यादीत होता. आत एक माणूस होता: 'बातमी'.

मी त्याच नावानं शिरलो. एकच नाव दोघांनी घेतलं की गेम दुसऱ्याच्या नावापुढे आकडा लावतो. आकडा मला लागला.

जिनिंगमध्ये घरघर चालू होती. मी जिना चढलो. खोलीत बॉट दाटीवाटीनं उभे होते आणि सगळ्यांच्या पुढे खिडकीशी 'बातमी'. मी मागे जाऊन थांबलो. तो थोडा बाजूला सरकला. खिडकीत एका माणसापुरती जागा झाली.

बॉट एकमेकांना ढकलतात, त्या धक्क्यानं तसं होऊ शकतं. माऊसवर कुणाचा हात असेल तरी होऊ शकतं. कॅफेचा नंबर माझ्याकडे होता. मी तो लावला नाही.

मी त्या जागेत जाऊन उभा राहिलो. मग गेममधून बाहेर न पडताच खुर्ची मागे सारली आणि उद्याची पानं पाहायला गेलो.