चार गोणी आणि मी

एडिनबराजवळ बर्फात रुतलेल्या गाड्या फोर-व्हील पिकअपने ओढून काढणारा तो माणूस इथेच जन्मलेला, पण माझ्याशी मराठीच बोलतो. आधी अडकलेल्या गाडीभोवती गुपचूप एक फेरी मारतो, मग "राइट देन" म्हणतो. मी केटरर; गेल्या हिवाळ्यात माझी व्हॅन रुतलेली असताना त्याने आधी दुसऱ्या केटररची काढली. तो राग अजून गेलेला नाही.

परवा एका लग्नाच्या हॉलच्या चढावरच माझी व्हॅन रुतली. वरात यायच्या आत नाश्ता मांडायचा होता. स्टिअरिंगवर बायको. नाइलाजाने त्यालाच बोलावलं. ओढायला गेला तर त्याच्याच पिकअपची चाकं जागच्या जागी फिरू लागली.

"काका, पिकअपच्या मागे वजन नाही. तुमच्या तांदळाच्या चार गोणी टाका."

"दोन." घासाघीस करूनच मी वर आलोय.

"चार. आणि वर तुम्ही बसा."

"मी काय माल आहे?"

"ऐंशी किलो तरी असाल," तो शांतपणे म्हणाला.

चिडून बसलो. व्हॅन हलली आणि गोणी कवटाळून मी खो-खो हसत सुटलो. चढ संपून हॉलच्या दारात पोहोचेपर्यंत त्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. वरात आली असं समजून वधूची आई ताट घेऊन धावत आली आणि त्या भुरभुरत्या बर्फात मलाच ओवाळून मोकळी झाली.