बंदीच्या दिवसांतला बा

मासेमारीबंदी लागली की किनाऱ्यावरची माणसं कपाळाला हात लावतात. आमच्या तलासरीकडच्या पाड्यावर मात्र तेव्हाच घराघरांत माणसं परत यायची. माझा बा गुजरातेत वेरावळच्या एका शेठच्या बोटीवर खलाशी. ऑगस्टात गेलेला मेअखेरीस उगवायचा. दिवाळी त्याच्याविना, होळी त्याच्याविना. "तू मला थंडीत कधी पाहिलंच नाहीस," असं मी चिडून म्हणायचे आणि तो नुसता हसायचा.

डहाणूच्या कॉलेजात आम्हाला शाश्वत विकासावर एक धडा होता. पावसाळ्यात मासळी अंडी घालते, तिला उसंत मिळावी म्हणून सरकार समुद्र बंद ठेवतं, असं त्यात लिहिलं होतं. वाचून मला हसू आलं. सरकारने काळजी केली मासळीच्या पिल्लांची आणि सोय झाली आमची, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसेल.

मग केंद्राने आणि राज्यांनी मिळून अख्ख्या पश्चिम किनाऱ्याला एकच बंदी ठरवली, एक जून ते एकतीस जुलै. पूर्वी ती ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालायची. तेवढे दिवस कमी झाल्याने मासळीचं काय झालं यावर जाणकारांनी खुशाल भांडावं, माझ्या हातचे मात्र बाच्या सोबतीचे नेमके तेच दिवस निसटले. कारण त्याच सुमारास लग्न होऊन मी आशागडला आले होते आणि सासरी भातशेती. भर लावणीत माहेरी जाते म्हटलं असतं तर सासूबाईंनी माझ्याकडे कसं पाहिलं असतं ते सांगायला नको. लावणी उरकून मी मोकळी व्हायची ती ऑगस्टच्या तोंडाशी. तोवर बा वेरावळला पोहोचलेला.

पहिल्या वर्षी धावतपळत माहेरी गेले तर खुंटीवर त्याची पिशवी नव्हती. आई म्हणाली, "चार दिवस आधी यायचं होतंस." मी तिच्यावर खेकसले. तिची काय चूक? दिल्लीत बसून तारखा ठरवणाऱ्यांना मनातल्या मनात काय काय ऐकवलं मी तेव्हा!

पुढच्या वर्षी ऐन लावणीत एका सकाळी बा आमच्या बांधावर येऊन उभा. जुना सदरा, पाय उघडे.

सासूबाई गडबडल्या. "व्याही, घरात चला. चहा टाकते."

"चहा मग. लावणी लवकर उरकली तर पोरीला घेऊन जाईन म्हणतो. मी आहे तोवर."

व्याह्याने आपल्या चिखलात वाकायचं म्हणजे सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बा कुणाचं ऐकतोय! जाळी विणणारी त्याची बोटं, लावणीला अगदीच मंद. रोपं कुठे दाट, कुठे विरळ. मी मागून सारखी करत गेले.

"बोटीवर बरं असतं," तो कंबर धरून म्हणाला. "एवढं वाकावं लागत नाही."

"मग जा की बोटीवर," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली.

तलासरीहून जीपने तो रोज आला. लावणी संपली त्या संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः माझी पिशवी भरली. "चार दिवस राहून ये," म्हणाल्या. पण शेठचा फोन आधीच आला होता. बोट तयार करायची होती, खलाशांना लवकर बोलावलं होतं. हातात दोनच दिवस उरले होते.

मला त्याला किती सांगायचं होतं! सासरचं, नवऱ्याचं, अजून कुणालाच न सांगितलेलं एक. पण बा घरी पोहोचला, दोन घास जेवला आणि चटईवर पडला तो दुसरा दिवस कलला तरी उठेना. पायांना चिखल्या झालेल्या, कंबर ताठलेली.

"उठव की," आई म्हणाली. "तुझ्यासाठीच तर केलं त्याने."

मी त्याच्या पायांना खोबरेल लावत बसले. तो घोरत होता. हे घोरणं आता पुढच्या जूनपर्यंत ऐकू येणार नव्हतं. मी त्याला उठवलं नाही.