जहाजाच्या झुल्यावरच्या बाई

"वरडा जी, वरडा! घरी कोन वरडू देते?"

झुला चालवायचा दांडा हातात धरून बाई लोकांना असं ओरडायला लावायच्या. चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाताना आमचं लहानसं मनोरंजन उद्यान लागतं. मी तिकीट खिडकीत, बाई जहाजाच्या झुल्यापाशी. सफारीत वाघ न दिसलेले पाहुणे तोंड पाडून यायचे. बाईंना ते लांबूनच कळायचं.

"नाई दिसला का? बसा, वाघापेक्षा जास्त भेव दाखवतो."

मग कोरोना आला आणि सगळं बंद पडलं. पुन्हा उघडलं ते नियम घेऊनच. तोंडाला मास्क, एकाआड एक जागा रिकामी आणि झुल्यावर ओरडायची बंदी! तशी पाटीच लागली. पाटीखाली बाई ओठांवर बोट ठेवून उभ्या. त्यांच्याकडे पाहूनच आम्हाला हसू यायचं.

सिंदेवाहीचं एक म्हातारं जोडपं आलं. नियमाप्रमाणे त्यांना लांब लांब बसवलं. जहाज वर गेलं तशी आजीनं हळूच विचारलं, "भेव लागून राह्यला का जी?"

आजोबांनी मानेनं "नाई" म्हटलं, पण हात जोडलेले. बाई पदरात तोंड खुपसून खदखदत होत्या.

पुढे नियम उठले, पाटी निघाली. पण लोकांची सवय काही जाईना. झुला भरायचा, वर जायचा, खाली यायचा; सगळे शोकसभेला बसल्यासारखे चूप. हळूहळू गर्दीही आटली. मालक वैतागले.

"असंच राह्यलं तर हे जहाज भंगारात देतो."

बाईंनी ते ऐकलं. रविवारी त्यांनी दांडा उद्यानाच्या मेकॅनिककडे दिला, पदर खोचला आणि सर्वांत मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

जहाज उंच गेलं आणि बाईंनी आरोळी ठोकली, "अगा माय वं! मेलो वं!"

मागच्या झाडांवरची वानरं पळाली. रस्त्यापलीकडचा चहावाला गाळणी घेऊनच धावत आला. पुढच्या बाकावरचे एक गंभीर साहेब दचकून "बापरे!" म्हणाले, मग त्यांची बायको, मग पोरं, आणि मग सगळं जहाजच बोंबलायला लागलं. काय झालं ते पाहायला लोक गाड्या थांबवून आत आले. माझ्या खिडकीपाशी रांग लागली. शेवटी मालकही बसले आणि वर गेल्यावर त्यांनी थेट आईला हाक मारली. भंगाराचा विषय तिथंच संपला.

बाईंचा घसा असा बसला, की पुढचे काही दिवस त्या नुसत्या हातवाऱ्यांनी झुला चालवत होत्या. खुशीत होत्या.

गेल्या हिवाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून त्या वडशाला लेकीकडे राहायला गेल्या. जावई मोटारसायकल घेऊन आला. आम्ही सगळे फाटकापाशी उभे होतो. बाई मांडीवर पिशवी घेऊन मागे बसल्या. जावई बिचारा सासूला जपत, बैलगाडीसारखी गाडी नेत होता.

वळणापाशी बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. गाडी एकदम सुसाट सुटली, आणि सागाच्या झाडांमधून त्यांचा पदर कितीतरी वेळ फडफडताना दिसत राहिला.